पिळाच्या बांगड्यांचा कस

४ जानेवारी

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता. म्हणून म्हटलं, लिहावंच.

आईला जाऊन आठ महिने झाले. तिचं कपाट मी अखेर उघडलं. साड्या वाटल्या, कागद फाडले आणि तळाशी लिंबाच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत सगळी मोडतोड. तीन तुकडे झालेली साखळी, जोडीतलं एकच डूल, चेपलेली अंगठी, खडा पडलेली दुसरी अंगठी, एक पिन, आणि एक सोन्याचा दात. दात कोणाचा हे घरात कोणी कबूल करत नाही. वर तिच्या त्या दोन पिळाच्या बांगड्या. हॉस्पिटलमध्ये नर्सने काढून माझ्या हातात दिल्या, तोवर तिच्या हातातून त्या उतरलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

बाबा म्हणाले, घरात पडून काय उपयोग, मोड देऊन टाक. मी मोड घेऊन तीन दुकानं फिरले. पहिल्याने सगळं तळहातावर झेलून भाव सांगितला, जसं काही त्याच्या हातातच काटा आहे. दुसरा आतल्या खोलीत घेऊन गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, सरसकट अठरा कॅरेट. तिसरा म्हणाला, आधी वितळवू, मग बोलू. मी डबा उचलला आणि पळाले. तिघांच्या भावात इतका फरक होता की त्या फरकात एक फ्रिज आला असता.

आता तुम्हीच सांगा, सोनं तर एकच, मग भाव तीन कसे? मी दिवसभर औषधाच्या दुकानात चिमटीतल्या पुड्या तोलते. एका गोळीत किती औषध आणि किती नुसती पूड हे वेष्टनावर छापलेलं असतं. सोन्याचं असं काही छापलेलं नसतं का? असलं तर कुठे बघायचं?

अजून एक. बाबा म्हणाले, बाकी सगळं विक, फक्त त्या पिळाच्या बांगड्या सोन्यात धरू नकोस, त्या खोट्या आहेत. मी चाटच पडले. आईने त्रेचाळीस वर्षं खोट्या बांगड्या घातल्या? मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तर म्हणाले, तुझ्या मामाला विचार, त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मामा, बाबांनी तुमचं नाव घेतलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही कौतुकाने. तुम्ही दोघं एकमेकांशी का बोलत नाही हे मला कोणी कधी सांगितलं नाही. आईला विचारलं की ती लगेच भाजी चिरायला घ्यायची.

त्या बांगड्या खऱ्या की खोट्या, हे मला कळायला हवं. विकायच्या म्हणून नव्हे. आई आयुष्यभर हातात काय घेऊन वावरली ते कळावं म्हणून.

तुमची भाची,
ठकी


१३ जानेवारी

ठके,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा शेजाऱ्याला वाचून दाखवलं. कस लावायच्या टेबलावर अडतीस वर्षं काढली, पण घरातल्या कोणी कधी विचारलं नाही की बाबा रे, तू दिवसभर तिथे करतोस तरी काय. माझ्या सुनेला वाटतं मी सोनं मोजायचो. मोजायला काय, कोणीही मोजेल.

तर ऐक. निव्वळ सोनं मऊ असतं. त्याची बांगडी केलीस तर दाराची कडी लावताना वाकेल. म्हणून त्यात तांबं आणि चांदी घालतात. एकूण चोवीस वाटे धर. बावीस वाटे सोनं आणि दोन वाटे बाकीचं, म्हणजे बावीस कॅरेट. तेच हजारात मोजलं की नऊशे सोळा. भिंग घेऊन वस्तूच्या आतल्या बाजूला बघ, बारीक आकडा दिसला तर तो हा. ७५० म्हणजे अठरा कॅरेट, ५८५ म्हणजे चौदा. जुन्या वस्तूंवर बऱ्याचदा काहीच नसतं. आणि आकडा असला तरी तो ठोकणारा कोण होता हे कुठे आपल्याला ठाऊक असतं? शिक्का म्हणजे कोणीतरी दिलेला शब्द, एवढंच समजायचं.

आता तुझा डबा. साखळी किती वेळा दुरुस्त झाली आहे बघ. तुटलेली कडी जोडायला सोनार झाळ वापरतो. झाळ म्हणजे कमी कसाचं सोनं, जे लवकर वितळतं. ते लवकर वितळलं नाही तर जोडायच्या आधी साखळीच वितळून जाईल. दर दुरुस्तीला थोडी झाळ आत जाते, म्हणून साखळी बावीसची असली तरी आटवल्यावर एकवीस किंवा त्याच्याही खाली उतरते. दुकानदार तेवढं कमी धरतो, त्यात दर वेळी लबाडी नसते. फासात पोलादाची स्प्रिंग असते, ती लोहचुंबकाला लावून बघ. डुलाच्या आत लाख भरलेली असणार, ती सोन्याच्या भावाने विकायला बघू नकोस, दुकानदार हसेल. खडे काढून तोल. दात माझ्या वडिलांचा. ताईने तो का जपला देव जाणे, पण दाताचं सोनं सोळाच्या आसपासचं असतं, विकायला लाजू नकोस.

दुकानात गेलीस की वजन तुझ्यासमोर, कस तुझ्यासमोर, आजचा भाव पाटीवर, आणि घट किती धरली ते कागदावर. पडद्यामागे नेलं की उठून यायचं. तू पळालीस ते छान केलंस.

तेजाबाची बाटली पोस्टाने पाठवता येत नाही, नाहीतर माझा कसोटीचा दगड आणि बाटल्या धाडल्या असत्या. पण तुझ्याकडे औषधाचा काटा आहे, मग पाण्याने करून बघ. वस्तू आधी कोरडी तोल. मग दोऱ्याने भांड्यातल्या पाण्यात लोंबती ठेवून तोल. पाण्यात जितकं कमी भरेल त्याने कोरड्या वजनाला भाग दे. निव्वळ सोनं एकोणीसच्या वर जातं. बावीसचं साडेसतराच्या वरखाली. चौदाचं तेराच्या पुढेमागे. भरीव वस्तूलाच हे चालतं, पोकळ डुलाला किंवा खड्याच्या अंगठीला नाही.

बांगड्यांचं नंतर बघू.

दाजींची तब्येत कशी आहे? मी विचारलं म्हणून सांगू नकोस, नुसतं कळव.

मामा


२५ जानेवारी

प्रिय मामा,

गेले दहा दिवस मी कामातून गेले आहे. आमच्या दुकानाचे मालक म्हणतात, तू गिऱ्हाइकांच्या अंगठ्यांकडे बघून बोलतेस, हे बरं नाही. काल एका बाईंना खोकल्याचं औषध देताना मी विचारलं, आतल्या बाजूला आकडा आहे का हो? त्यांनी हात मागे घेतला.

तुमच्या सांगण्याप्रमाणे मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि ढीग केले. चुंबकाने साखळीचा फास उचलून धरला, तेव्हा मला इतका आनंद झाला की बाबा बाहेरून बघायला आले. पिन निव्वळ पितळेची निघाली, नखाने खरवडल्यावर मुलामा उडाला. आई ती प्रत्येक समारंभाला लावायची. चेपलेल्या अंगठीत भिंगाने ७५० दिसलं. साखळीवर दुरुस्तीचे सहा डाग मोजले, सहाही आईच्या ओढाताणीचे, ती गळ्यातली साखळी नेहमी पोलक्याच्या हुकात अडकवायची आणि मग झटका द्यायची. डुलाला पाणी चालणार नाही हे तुम्ही सांगूनही मी करून पाहिलं. ते चक्क तरंगायच्या बेतात होतं.

आणि आता बांगड्या. तुम्ही नंतर बघू म्हणालात, पण माझ्याच्याने कसलं राहवतंय. आकडा नाही, शिक्का नाही. भरीव तार, दोन पदरी पीळ, एका जागी सांधा. दोन्ही मिळून कोरड्या २४.१८ ग्रॅम. पाण्यात २२.८१. म्हणजे १.३७ कमी. भागाकार केला, साडेसतराच्या वर आला. पुन्हा केला. दोरा बदलला, भांडं बदललं, पाणी उकळून गार करून घेतलं. सतरा पूर्णांक सहाच्या खाली उतरायला तयार नाही.

तुमच्याच हिशोबाने त्या बावीसच्या निघतात. मग बाबा खोट्या का म्हणतात? मी काहीतरी चुकतेय का? चुकत असले तर कुठे ते सांगा, मी तसं करून बघते. बाबांना मी अजून काही बोलले नाही. मी पाण्याचं भांडं घेऊन बसले की ते शेजारच्या खोलीत जाऊन रेडिओ मोठा करतात.

तब्येत ठीक आहे. एका डोळ्याने कमी दिसतं, पण वर्तमानपत्र आधी त्यांनाच हवं असतं.

ठकी


२ मार्च

ठके,

उशीर झाला. ताप होता, मग खोकला, मग आळस.

पाण्याच्या कसावर फार भिस्त ठेवू नये. पिळात हवेचे बुडबुडे अडकतात आणि आकडा फसवा येतो, वस्तू आहे त्यापेक्षा भारी कसाची वाटते. दोऱ्याचंही वजन असतं. तू शिकाऊ आहेस, व्हायचंच.

माझं ऐक. बाकीची मोड विकून टाक. बांगड्या कपाटात ठेव, किंवा हातात घाल, ताई घालायची तशी. कुठल्या यंत्राखाली नेऊ नकोस. दाजींशी त्यावर बोलू नकोस. माणूस सत्तरीचा झाला की त्याला जुनं उकरून काय मिळणार.

मामा


९ मार्च

प्रिय मामा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी पुन्हा पाण्याचं भांडं काढलं. बांगडीला मुद्दाम बुडबुडे चिकटू दिले आणि तोलली. बुडबुडे तिला वर उचलतात, पाण्यातलं वजन आणखी कमी भरतं आणि भागाकार खाली येतो. म्हणजे बुडबुड्याने खरं सोनं हलकं दिसेल. हलकं सोनं खरं दिसणार नाही.

हे तुम्हाला माहीत नाही असं होणार नाही. अडतीस वर्षं ज्याने हेच केलं त्याच्या हातून असं उलटं लिहून जात नाही. मामा, तुम्ही मला फसवलंत. रागाने नाही लिहीत, पण वाईट वाटलं हे सांगते. आधी मला वाटलं, तुम्ही बाबांना सांभाळताय. बांगड्या खोट्या असतील आणि मला कळू नये असं तुम्हाला वाटत असेल. पण मग पाणी काय म्हणतंय?

म्हणून मी यंत्राखाली नेल्या. मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात ते आहे, पेटीसारखं. आत वस्तू ठेवायची, झाकण लावायचं, पडद्यावर आकडे येतात. कापत नाहीत, घासत नाहीत. त्या माणसाने पहिल्यांदा ठेवलं तेव्हा आकडा शंभरात साठच्या आसपास आला. माझा चेहरा पडला. त्याने बांगडी उचलून बघितली आणि म्हणाला, थांबा, सांध्यावर लागलंय. सरकवून तीन ठिकाणी बघितलं. ९१.६, ९१.४, ९१.७. दुसऱ्या बांगडीचंही तसंच. तो म्हणाला, जुन्या काळी झाळ फार हलकी वापरायचे, सांध्यावर बघितलं तर कोणीही फसेल. त्याने कागद छापून दिला, तो मी पर्समध्ये घेऊन फिरतेय.

बाकीची मोड तिथेच दिली. वजन समोर, कस समोर, घट कागदावर. पहिल्या दुकानाच्या जवळजवळ दीडपट पैसे आले, आणि दाताचे वेगळे मोजून दिले. तुमच्यामुळे.

आता सरळ विचारते. या बांगड्या खोट्या आहेत हे पहिल्यांदा कोण म्हणालं? बाबांनी तुमच्याकडे बोट दाखवलं होतं आणि मी ते कौतुक समजले. मी किती बावळट. तुम्ही सांगितलं नाहीत तर मी हा कागद बाबांपुढे ठेवून त्यांनाच विचारणार आहे. रविवारपर्यंत थांबते, नाही, तुमचं उत्तर येईपर्यंत थांबते.

ठकी


१६ मार्च

ठके,

मी म्हणालो.

तुझ्या आईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. मी एकोणीस वर्षांचा. सराफी कारखान्यात लागून सहा महिने झाले होते आणि मला वाटत होतं की मला सगळं येतं. खिशात कसोटी आणि तेजाबाची छोटी बाटली घेऊन फिरायचो, लोकांनी विचारावं म्हणून. दोन्हीकडची माणसं एका खोलीत बसली होती. तुझ्या आजीने, म्हणजे दाजींच्या आईने, त्या बांगड्या ताईसाठी केल्या होत्या. त्या हातोहात फिरत होत्या. कोणीतरी थट्टेत म्हणालं, दे रे त्या पारख्याला. मी घेतली.

मला वाटलं, नव्या बांगडीवर ओरखडा दिसायला नको. म्हणून मी आतल्या बाजूला, अगदी सांध्याजवळ, दगडावर घासली. दगडावर उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. चांगल्या सोन्याची रेघ टिकते, ही उडून गेली. मी मोठ्याने म्हणालो, "हे चौदाचंही नाही." दुसरीही तिथेच घासली. तीच गत.

तुझी आजी म्हणाली, मी माझ्या हाताने सोनं दिलं होतं. मी म्हणालो, दगड खोटं बोलत नाही. एकोणिसाव्या वर्षी असं काही बोलायला फार बरं वाटतं. लग्न झालं, पण दाजींनी त्या दिवसानंतर माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

मला कधी कळलं ते विचार. चौथ्या वर्षी. एका गिऱ्हाइकाची बांगडी घासत होतो आणि कारखान्यातल्या मास्तरांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "सांध्यावर घासतोस? तिथे सोनं नसतं, सोनाराची अडचण असते." मी हातातलं तिथेच ठेवलं. त्या दुपारी जेवलो नाही.

तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलंही, फाडलं. सहा महिन्यांनी पुन्हा लिहिलं. कारखान्यात कळलं असतं तर मला टेबलावर कोण बसू देणार, ही पहिली भीती. मग लाज. मग मी मोठा झालो, माझ्या हाताखाली पोरं आली, आणि त्यांना मी पहिल्या दिवशी सांगायचो की तीन ठिकाणी घासा, सांध्यापासून लांब. त्यांना सांगितलं, ज्यांना सांगायचं त्यांना नाही सांगितलं.

तुझी आई वर्षातून एकदा येऊन जायची. हातात त्याच बांगड्या. चहाचा कप देताना मी तिच्या हातांकडे बघायचो नाही. एकदा तिनेच विचारलं, पुन्हा एकदा बघतोस का रे? मी म्हणालो, दगड कारखान्यात राहिला. दगड माझ्या खिशात होता. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला काय समजलं असेल ते आता कळायचा मार्ग नाही, आणि मला रोज तेच आठवतं.

तुला बुडबुड्यांची थाप मारली, त्याची माफी माग म्हणालीस तर मागतो. तू ती पकडलीस याचा मला आनंदही झाला, हेही खरं.

दाजींना मी भरल्या घरात खोटं पाडलं. ते त्रेचाळीस वर्षं माझ्यावर चिडून आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. हे पत्र त्यांना वाचून दाखव. सगळं, एक ओळ न गाळता. आणि सांग की ज्यांच्यासमोर मी ते बोललो, त्यांतले जे कोणी असतील त्यांना बोलवा. मी येतो. त्याच दगडावर, त्यांच्यासमोर, बांगडी घासून दाखवतो आणि तोंडाने सांगतो की मी चुकलो.

मामा


२१ मार्च

प्रिय मामा,

वाचलं. एक ओळ गाळली नाही.

बाबा खुर्चीत बसून होते. तुमचं वाचून झाल्यावर मी यंत्राचा कागदही वाचला, दोन्ही बांगड्यांचे आकडे. त्यांनी बांगड्या मागितल्या. बोटाने सांधा शोधत राहिले, इतकं बारीक डोळ्याने दिसत नाही ना. मला वाटलं, आता तुम्हाला शिव्या देतील, किंवा हसतील, किंवा सुटल्यासारखे होतील. निर्दोष सुटले ना ते, मामा. पण ते उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि तिथेच ओट्याला धरून बराच वेळ उभे राहिले. मी गेले तर म्हणाले, जा, तुझं काम कर.

तेव्हापासून दोन दिवस ते नुसते जेवतात आणि झोपतात. काल म्हणाले, कागद दे, जाड शाईचं पेन दे, मी स्वतः लिहिणार. मला वाचू देणार नाहीत म्हणाले. पाकिटावर पत्ता मात्र मलाच घालायला लावला.

ठकी


२८ मार्च

तुला तूच म्हणतो. शेवटचं नीट पाहिलं तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास, नुकती मिसरूड फुटलेला. माझ्या डोळ्यांपुढे अजून तेवढाच आहेस. अक्षर वाकडं येईल, लावून घे. रोज चार ओळी जमतात.

तू लिहितोस, मी तुझ्यावर चिडून आहे. नव्हतो. एक दिवसही नव्हतो. राग यायला आधी तुझं खोटं वाटायला हवं होतं. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. तू त्या धंद्यात होतास, तुझ्या हातात दगड होता, रेघ माझ्या डोळ्यांदेखत उडाली. मला सोन्यातलं काय कळतं? मला वाटलं, आईने केलं. तिने स्वतःच्या चार बांगड्या मोडून या दोन करून घेतल्या होत्या. मी धरून चाललो की मधलं सोनं तिने मागे ठेवलं आणि सुनेच्या हातात हलकं घातलं.

तुझ्यासमोर आलो नाही ते शरमेने. ज्याच्या बहिणीला आमच्या घरातून खोटं सोनं गेलं, त्याच्याकडे कोणत्या तोंडाने बघू. तुझी बहीण मला म्हणायची, मला हातात घालायच्या आहेत, विकायच्या नाहीत, सोडा तो विषय. तिने सोडला. मी नाही सोडला.

आई त्याच संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, दुसऱ्या कोणाला तरी दाखवून घे. मी म्हणालो, झाली तेवढी शोभा पुरे. तिने नंतर दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी हातातलं भांडं आपटलं. मग तिने विचारलं नाही. मी दाखवून का घेतलं नाही? दुसऱ्यानेही तेच सांगितलं तर, या भीतीने. दुसरा वेगळं सांगेल असं मनात सुद्धा आलं नाही. दहा मिनिटांचं काम होतं. दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला होतं.

ती पुढे अकरा वर्षं आमच्याकडे राहिली. मी तिला काही कमी केलं नाही. औषधं आणली, डॉक्टरकडे नेलं, थंडीत दोन पांघरुणं घातली. फक्त बोललो नाही. जेवलीस का, गोळी घेतलीस का, दार लाव, एवढंच. ती बाकी सगळ्यांशी बोलायची आणि मी खोलीत आलो की गप्प व्हायची. शेवटच्या आठवड्यात तिने माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला, गोळ्यांची वेळ झाली म्हणून.

तू म्हणतोस, ज्यांच्यासमोर बोललास त्यांना बोलवा. कोणाला बोलावू? बहुतेक गेले, उरलेल्यांना तो दिवसही आठवत नसेल. ज्या एका माणसाने ते ऐकायला हवं होतं, तिला जाऊन बत्तीस वर्षं झाली.

तुला दोष देत नाही. तू सांध्यावर घासलंस, एकोणीस वर्षांचा होतास. मी तर तिच्या पोटचा होतो.

दगड आणू नकोस. पोरीने आकडे वाचून दाखवले, मला पटलं. रविवारी ये. सकाळची गाडी घे, ती वेळेवर पोचते. आईला जे सांगायचं आहे ते तू मला सांग, तिच्या वाटचं मी ऐकून घेईन. मग मलाही तिला काही सांगायचं आहे, आणि ते ऐकायला आता कोणी नाही. तेवढं तू बसून ऐक.